क्लबमध्ये मुलांचा टेनिस वर्ग: कोर्टाच्या हिशेबापासून पहिल्या सामन्यापर्यंत

बहुतेक क्लबांत मुलांचा टेनिस वर्ग उलट्या क्रमाने सुरू होतो. आधी फलक लागतो, मग नावं येतात. नावं चाळीसच्या वर गेली की कोर्ट कुठलं आणि कधी मिळेल याची विचारपूस सुरू होते, आणि चेंडू-रॅकेटची आठवण पहिल्या दिवशी सकाळी होते. काही आठवड्यांत मुलं एकेक करून येईनाशी होतात आणि समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "हल्लीच्या मुलांना चिकाटीच नाही." पण ते मूल तासभर रांगेत उभं होतं आणि वाट्याला आलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला होता, हे कुणी पाहिलेलं नसतं.

खालचा क्रम साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि क्लबकडे एक-दोन कोर्टं, एखादा प्रशिक्षक आणि मोजके स्वयंसेवक आहेत असं धरून लिहिला आहे. काही पायऱ्या तुमच्या सोयीने मागेपुढे करता येतील. पहिल्या तीन मात्र आहेत त्याच क्रमाने घ्या.

## १. आधी कोर्टाचे तास मोजा

कागदावर आठवड्याचे मोकळे तास लिहा. सभासदांचा ठरलेला खेळ, स्पर्धा आणि कोर्टाची देखभाल वजा करून खरोखर उरतात ते तास मोकळे. ते समितीकडून लेखी घ्या. तोंडी मिळालेला तास पहिल्याच आंतरक्लब लढतीच्या दिवशी जातो आणि वीस मुलं रॅकेट घेऊन फाटकाशी ताटकळतात.

आता एका कोर्टावर किती मुलं मावतात ते ठरवा. मुलांसाठी नेहमीच्या पिवळ्याहून मंद चेंडू असतात: सर्वांत मंद लाल, मग नारिंगी, मग हिरवा. तपशील पुढच्या पायरीत येईल. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. मुलं मोठी झाली की एका कोर्टावरची संख्या वाढवता येईल असं वाटतं, पण ती कमी होत जाते.

- लाल चेंडूची बॅच: एका पूर्ण कोर्टावर आडवी चार छोटी कोर्टं बसतात. एका वेळी ८ मुलं खेळतात, हाताशी माणसं असतील तर आलटून-पालटून १२ पर्यंत.
- नारिंगी चेंडूची बॅच: एका पूर्ण कोर्टात एकच नारिंगी कोर्ट बसतं. एका वेळी ४ मुलं, फार तर ६.
- हिरव्या चेंडूची बॅच: पूर्ण कोर्ट लागतं. तिथेही ४, फार तर ६.

म्हणजे आज लालमध्ये असलेली १२ मुलं नारिंगीत गेली की त्यांना दुप्पट कोर्ट-तास लागणार. हे आधी लक्षात घेतलं नाही, तर दुसऱ्या वर्षी तीच १२ मुलं एका नारिंगी कोर्टावर कोंबली जातात आणि पुन्हा रांग लागते. मुलं गळतात ती बहुधा इथेच, खेळ जमू लागल्यानंतर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही गळती टाळता येण्यासारखी असते. म्हणून लाल बॅच भरतानाच पुढच्या वर्षीचे नारिंगी तास राखून ठेवा.

तपासणी: प्रत्येक बॅचसमोर वार, वेळ, कोर्ट क्रमांक, चेंडूचा रंग आणि कमाल संख्या लिहिलेली आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर जाहिरात थांबवा.

## २. चेंडूचा रंग, कोर्ट आणि रॅकेट एकत्रच ठरवा

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. लाल, नारिंगी किंवा हिरवाच वापरावा लागतो. कारण साधं आहे. पिवळा चेंडू टप्पा घेऊन सात वर्षांच्या मुलाच्या खांद्याच्या वर जातो. मग मूल रॅकेटची पकड वेडीवाकडी करतं, मागे पळतं, आणि ती सवय सोडवायला पुढे वर्षं जातात.

लाल: पिवळ्याहून साधारण ७५ टक्के मंद. कोर्ट सुमारे ११ ते १२.८ मीटर लांब आणि ४.३ ते ६.१ मीटर रुंद, नेट ८० सेंमी. रॅकेट २३ इंचांपर्यंत. साधारण ५ ते ८ वर्षं.

नारिंगी: साधारण ५० टक्के मंद. कोर्ट सुमारे १८ मीटर लांब, रुंदी ६.१ ते ८.२३ मीटर. नेट ८० ते ९१ सेंमी, म्हणजे मोठ्यांचं नेट तसंच ठेवलं तरी चालतं. रॅकेट २३ ते २५ इंच. साधारण ८ ते १० वर्षं.

हिरवा: साधारण २५ टक्के मंद. कोर्ट आणि नेट मोठ्यांचंच. रॅकेट २५ ते २६ इंच. साधारण ९-१० वर्षांपासून.

वय हा फक्त अंदाज आहे. अकरा वर्षांचं मूल पहिल्यांदाच रॅकेट धरत असेल तर त्यालाही आठवडा-दोन आठवडे नारिंगी चेंडू द्या. "हा तर लहान मुलांचा चेंडू" असं ते म्हणेलच. त्याच्याशी स्वतः दहा फटक्यांची रॅली (चेंडू न चुकवता आलटून-पालटून मारत राहणं) करून दाखवा, तक्रार बंद होते.

रॅकेटची लांबी तपासायची सोपी पद्धत: मुलाला सरळ उभं करा, हात खाली सोडून रॅकेट धरायला सांगा. टोक जमिनीला टेकत असेल तर रॅकेट लांब आहे. ताईदादाची जुनी २७ इंची रॅकेट "पुढे वाढेल तशी उपयोगी पडेल" म्हणून देणारे पालक दर वर्षी भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि क्लबकडच्या चार-पाच छोट्या रॅकेट वापरायला द्या.

सावधान: तिन्ही रंगांचे चेंडू एका टोपलीत कधीही मिसळू नका. मूल हाताला लागेल तो चेंडू उचलतं, टप्पा दर वेळी वेगळा पडतो, आणि आपल्यालाच जमत नाही असं त्याला वाटतं. तीन टोपल्या आणि तीन ठळक खुणा ठेवा.

## ३. माणसं जमवा आणि त्यांना नेमकं काम द्या

लाल बॅचला साधारण सहा मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. ते सगळे प्रशिक्षक असायची गरज नाही. एक प्रशिक्षक आणि दोन मदतनीस मिळून १२ मुलं नीट सांभाळतात. पण "मदतीला या" एवढंच सांगितलं तर मदतनीस कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. एकेकाला एकेक काम नेमून द्या: कोर्ट एक आणि दोनवरची गुणमोजणी, किंवा सैल चेंडू उचलणं, किंवा उशिरा आलेल्या मुलाला खेळात सामावून घेणं.

वर्ग सुरू होण्याआधी मदतनिसांना एक संध्याकाळ बोलवा. तंत्र शिकवू नका. हातातून चेंडू कसा सोडायचा, मुलांच्या जोड्या कशा बदलायच्या आणि कोणत्या तीन सूचना द्यायच्या, एवढंच दाखवा. माझ्या तीन सूचना ठरलेल्या आहेत: "चेंडूकडे बघ", "टप्पा पडू दे", "मारून झालं की परत मध्ये ये". प्रशिक्षक एक सांगतो आणि मदतनीस दुसरंच, असं झालं की मूल दोघांचंही ऐकणं सोडून देतं.

चौदा-पंधरा वर्षांचे क्लबचे खेळाडू फार चांगले मदतनीस ठरतात, लहान मुलं त्यांच्याकडे डोळे लावून बघतात. पण त्यांच्यावर बॅचची एकट्याने जबाबदारी टाकू नका.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत सवलत नाही. कोर्टावर नेहमी किमान दोन प्रौढ हवेत. कोणताही प्रौढ एका मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकटा असता कामा नये. मदतनिसांची पडताळणी तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे आधीच पूर्ण करा. ओळखीचा माणूस आहे म्हणून ती टाळू नका.

## ४. प्रवेश अर्ज

आता फलक लावा. अर्ज एका पानाचा पुरे, पण त्यात या गोष्टी हव्यातच: जन्मतारीख, दोन संपर्क क्रमांक, दमा, अ‍ॅलर्जी किंवा इतर आजार, वर्ग सुटल्यावर मुलाला कोण नेणार त्यांची नावं, आणि छायाचित्रं काढण्याला संमती आहे की नाही. दमा लिहिला असेल तर इनहेलर दर सत्राला बरोबर हवा, आणि तो पिशवीच्या कुठल्या कप्प्यात असतो हे प्रशिक्षकाला ठाऊक हवं.

जागा भरल्या की प्रतीक्षा यादी सुरू करा. "एकच मूल आहे, घ्या ना सामावून" असा आग्रह होतो आणि तो बहुधा समितीतल्याच कुणाचा असतो. एक मूल जास्त घेतलं की जोड्या विषम होतात आणि प्रत्येक फेरीत कुणीतरी बसून राहतं.

## ५. कोर्टाची मांडणी

मुलं येण्याआधी वीस मिनिटं ही तयारी व्हायला हवी. लाल बॅचसाठी क्रम असा:

१. दुहेरीच्या दोन बाहेरच्या रेषांमधलं अंतर १०.९७ मीटर असतं. लाल कोर्टाची लांबी तीच धरा. म्हणजे दुहेरीच्या रेषा या छोट्या कोर्टांच्या बेसलाइन (मागच्या रेषा) झाल्या आणि मुलं आडवी खेळतील.

२. मोठ्या नेटच्या मध्यावर, जमिनीपासून ८० सेंमी उंचीवर, रंगीत टेप बांधा आणि मोठ्या कोर्टाच्या बेसलाइनच्या मागे ठेवलेल्या स्टँडपर्यंत ताणा. हे छोटं नेट. बारा मीटरची टेप मधे झोळते, म्हणून मधोमध आणखी एक स्टँड हवा. नेटच्या पलीकडेही असंच करा.

३. प्रत्येक अर्ध्या भागाचे टेपच्या दिशेने दोन भाग करा. साधारण ५-५ मीटर रुंदीची दोन कोर्टं बसतात आणि मधे दीडेक मीटर जागा उरते. ती जागा सोडायची नाही, नाहीतर शेजारची रॅकेट तोंडावर बसेल.

४. रेषांसाठी सपाट रबरी पट्ट्या किंवा खडू वापरा. मातीच्या कोर्टावर रॅकेटच्या मुठीने ओढलेली रेघही चालते.

सावधान: नेटसाठी दोरी बांधू नका. पळणाऱ्या मुलाच्या गळ्याला ती काचते. ताण आला की तुटणारी टेपच घ्या. शेजारच्या कोर्टावर मोठ्यांचा खेळ चालू असेल तर त्या बाजूची छोटी कोर्टं वापरू नका, कारण या मांडणीत मुलं मागे सरकत थेट तिकडेच जातात.

नारिंगीसाठी एकेरीच्या बाजूच्या रेषा तशाच ठेवून दोन्ही बेसलाइन सुमारे तीन मीटर आत आणल्या की झालं.

## ६. पहिला दिवस पारखायचा

पहिल्या दिवशी काहीही शिकवायचं नाही. वही घेऊन बघायचं. प्रत्येक मुलाकडून तीन गोष्टी करून घ्या: एक टप्पा पडलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलणं, खांद्यावरून चेंडू फेकणं, आणि स्वतःच टप्पा टाकून चेंडू रॅकेटने नेटपलीकडे ढकलणं.

टप्प्यानंतर झेल जमत नाही त्या मुलाला रॅली जमणार नाही. त्याच्या हातात लगेच रॅकेट कोंबू नका. पहिले दोन आठवडे त्याने जोडीदाराशी नेटवरून झेलाझेली केली तरी ते टेनिसच आहे: टप्पा ओळखणं, तिकडे पळणं, वेळेवर थांबणं. डावखुरी मुलं याच दिवशी टिपून ठेवा. माझ्याकडून हे एकदा राहिलं होतं. एक मुलगी चार आठवडे माझी नक्कल करत उजव्या हाताने खेळत राहिली, आणि तिच्या आईने विचारलं तेव्हा मला कळलं.

## ७. साठ मिनिटांची घडी

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळं नीट करूनही वर्ग इथे बिघडतो.

आधी एक हिशेब. प्रशिक्षक टोपली घेऊन नेटपाशी उभा, समोर १२ मुलांची रांग, दर पाच सेकंदांना एक चेंडू. प्रत्येक मुलाला मिनिटाला एक फटका, वीस मिनिटांत वीस. आता त्याच मुलांच्या सहा जोड्या करा. रॅली सारखी तुटली आणि जोडीचे मिळून मिनिटाला दहाच फटके झाले असं धरा. तरी प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटांत शंभर येतात. चार कोर्टांवर आठ खेळतात आणि चार थांबतात म्हणून त्यातला तिसरा हिस्सा वजा केला, तरी साठाहून अधिक उरतात. शिवाय रांगेतल्या मुलाकडे चेंडू नेहमी एकाच जागी येतो, जोडीदाराकडून आलेला कुठेही पडतो. खरं टेनिस म्हणजे हे जोडीतलं.

पहिली ५ मिनिटं: येईल तो लगेच खेळायला लागेल असं काहीतरी मांडून ठेवा. रॅकेटवर चेंडू उडवणं, भिंतीवर खेळणं, काहीही. सगळे जमेपर्यंत वाट बघत बसलात तर वेळेवर येणाऱ्यांना शिक्षा होते.

पुढची १० मिनिटं: हालचाल. आडवं सरकणं, थांबणं, दिशा बदलणं, फेकणं-झेलणं. कोर्टाला फेऱ्या मारायला लावू नका. टेनिसमध्ये कुणी सरळ शंभर मीटर पळत नाही.

पुढची २० मिनिटं: दिवसाची एकच गोष्ट, जोडीत. "आज चेंडू नेटच्या बराच वरून" एवढा विषय पुरतो. क्रम नेहमी हा ठेवा: हातातून सोडलेला चेंडू मारणं, जोडीदाराने हाताने फेकलेला मारणं, मग दोघांनी रॅकेटने. रॅली तुटत असेल तर एक पायरी मागे या. मुलांना "टप्पा" आणि "मार" असे दोन शब्द मोठ्याने म्हणायला लावा. चेंडू पडताना पहिला, लागताना दुसरा. वेळ साधायला याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

पुढची १७ मिनिटं: गुण मोजून खेळ. दर आठवड्याला, अगदी पहिल्या आठवड्यापासून. "आधी फटके तयार होऊ देत, मग सामने" असं म्हणणारे प्रशिक्षक मुलांना कवायत शिकवतात. सर्व्हिसही पहिल्याच आठवड्यात आणा. सुरुवातीला हाताखालून चालेल, आणि खांद्यावरून फेकण्याचा सराव बाजूने चालू ठेवा. सर्व्हिस महिनोन्‌महिने लांबवली की मूल सामना सुरूच करू शकत नाही.

शेवटची ८ मिनिटं: चेंडू गोळा करणं, टोपलीत मोजणं, पाणी, घरी करायची एक गोष्ट, आणि मुलं पालकांच्या हाती देणं. हजेरीपत्रकावर कोण घेऊन गेलं त्याची खूण करा.

सावधान: कोर्टावर सैल पडलेला चेंडू ही मुलांच्या वर्गातली नेहमीची धोक्याची गोष्ट. त्यावर पाय पडून घोटा मुरगळतो. "चेंडू!" अशी हाक आली की सगळ्यांनी थांबायचं, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्या. दुसरा नियम: प्रशिक्षक बोलत असताना रॅकेट पोटाशी धरायची, फिरवायची नाही.

तपासणी: कधीही मधेच थांबून बघा, किती मुलं या क्षणी हलत आहेत? निम्म्याहून कमी असतील तर आत्ताचा खेळ लगेच बदला.

## ८. गटातले सामने: तिसऱ्या आठवड्यापासून

बाद पद्धतीची स्पर्धा या वयात ठेवू नका. पहिल्या फेरीनंतर निम्मी मुलं घरी जातात, आणि ज्यांना खेळायची सर्वांत जास्त गरज आहे तीच जातात.

चार-चारचे गट करा आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळू द्या. आठ मुलं, दोन गट, चार छोटी कोर्टं. ८ मिनिटांचा सामना आणि २ मिनिटं अदलाबदलीला. तीन फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, प्रत्येकाचे तीन सामने होतात आणि कुणीही बसून राहत नाही. घंटा सगळ्या कोर्टांना एकच ठेवा.

लालमध्ये ७ किंवा १० गुणांपर्यंतचा टायब्रेक (एक, दोन, तीन असे सरळ गुण मोजायचे), नारिंगीत १० गुणांचे टायब्रेक, हिरव्यात चार गेमचा छोटा सेट. पंधरा, तीस, चाळीस ही मोठ्यांच्या गुणमोजणीची भाषा हिरव्यापर्यंत थांबू शकते.

चेंडू आत की बाहेर हे मुलांनीच ठरवायचं. ज्याच्या बाजूला पडला त्याने सांगायचं, आणि खात्री नसेल तर तो आत. पालकांनी कुंपणाबाहेरच थांबायचं. हे पहिल्या सामन्याआधी पालकांना एकत्र बोलावून सांगा. सामना चालू असताना सांगायला गेलात की ते त्या एका पालकाला लागतं.

## ९. वरच्या रंगात केव्हा पाठवायचं

पालकांचा दबाव इथे सर्वांत जास्त येतो, म्हणून निकष लिहून भिंतीवर लावा. माझा निकष असा: जोडीदाराबरोबर दहा फटक्यांची रॅली एकाच सत्रात तीनदा, खांद्यावरून केलेल्या दहापैकी सहा सर्व्हिस आत, आणि प्रौढाच्या मदतीशिवाय स्वतः गुण मोजून पूर्ण केलेला सामना. तिन्ही जमलं पाहिजे. नुसता जोरकस फोरहँड पुरेसा नाही, जोर तर पिवळ्या चेंडूच्या नादानेही येतो.

मग दोन आठवडे वरच्या बॅचमध्ये चाचणी ठेवा आणि मूल खालच्या बॅचच्या हजेरीतही राहू द्या. जमलं नाही तर ते निमूटपणे परत येऊ शकतं. शक्य असेल तेव्हा दोन मुलं जोडीनेच वर पाठवा, अनोळखी गटात एकटं मूल बुजतं.

## १०. पाऊस, वीज, ऊन आणि गैरहजेरी

कोर्ट ओलं असेल तर रंगवलेल्या रेषा आणि रबरी पट्ट्या सर्वांत आधी निसरड्या होतात. खेळ बंद ठेवा. गडगडाट ऐकू आला की मुलांना लगेच छताखाली न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर काढू नका. कडक उन्हाच्या दिवसांत दर १५ मिनिटांनी पाणी पाजा, "तहान लागली का" असं विचारत बसू नका. सत्र रद्द करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि पालकांना किती वाजेपर्यंत निरोप मिळेल ते ठरवून टाका.

लागोपाठ दोन सत्रं मूल आलं नाही तर त्याच आठवड्यात घरी फोन करा. तिसऱ्या गैरहजेरीनंतर केलेल्या फोनचा फारसा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. "का येत नाही?" असं विचारू नका, "कुणाबरोबर खेळायला आवडेल?" असं विचारा. उत्तर पुष्कळदा जोडीदाराशी किंवा चेंडूच्या रंगाशी येऊन थांबतं आणि ते पुढच्या सत्रात दुरुस्त करता येतं.

दहा आठवड्यांचं सत्र असेल तर आठव्या आठवड्यात पुढच्या सत्राचे कोर्ट-तास समितीकडून लेखी घ्या, नवव्यात प्रत्येक मुलाची पुढची बॅच ठरवा आणि दहाव्यात पालकांच्या हाती तीन ओळींची चिठ्ठी द्या: काय जमायला लागलं, आता कशावर काम करायचं, आणि पुढचं सत्र कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या कोर्टावर.